लोकरकाका आणि बेबी

रांग कुठलीही असो, लोकरकाका तिच्यात विणत उभे असायचे. बँकेची, वीजबिलाची, दवाखान्याची, स्वारगेटला बसची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा आणि हातात क्रोशाची आखूड सुई. सत्तरीला टेकलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस चारचौघांत उभा राहून सशाचा कान विणतो आहे, हे लोकांना सहन होत नसे. कुणीतरी बोलायचंच. एकदा बँकेत एका गृहस्थांनी हसत हसत विचारलं, "काय हो, हे बायकांचं काम ना?" काकांनी मान वर केली नाही. "हो ना," ते म्हणाले, "म्हणूनच नीट होतंय." सगळी रांग हसली. काका हसले नाहीत. स्वतःच्या बोलण्यावर ते कधीच हसत नसत.

त्यांचं खरं नाव वसंतराव. एका शाळेत लेखनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. पण कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे लोकरकाकाच म्हणत, आणि तेही त्या हाकेला ओ देत. ते लोकरीचे प्राणी विणायचे. वितीएवढे. हत्ती, कासव, ससा, गाढव, एकदा तर पालसुद्धा. ते विकायचे नाहीत, कुणाला भेट द्यायचे नाहीत, प्रदर्शनात मांडायचे नाहीत. ते सगळे प्राणी एकाच माणसासाठी होते. त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी, बेबीसाठी.

मी मूळची दारव्ह्याची. नोकरीसाठी पुण्यात आले, कॅम्पातल्या एका ऑफिसात लागले आणि कसबा पेठेतल्या एका तीनमजली इमारतीत एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहू लागले. आमच्या शेजारच्या दोन खोल्या काकांच्या. पहिलं वर्षभर आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापलीकडे गेली नाही. एकदा मी फोनवर आईला आमच्याकडच्या बोलीत सांगत होते, "स्वयंपाक करून राहिली न मी." काका कुलूप लावत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "आपण स्वयंपाक करता की राहता? दोन्ही एकदम कसं जमतं?" मला इतका राग आला की पुढे पंधरा दिवस मी नमस्कारही केला नाही.

मग लॉकडाऊन लागला. मैत्रीण आदल्याच आठवड्यात गावी गेली होती, ती तिकडेच अडकली. मी एकटी उरले. दिवसभर लॅपटॉप, आणि संध्याकाळी सात वाजता भिंतीपलीकडून येणारे आवाज. आधी एका बाईचा जाड, अडखळता आवाज यायचा. "सोमणकाकू!" त्यावर एक किनरा आवाज म्हणायचा, "हजर बाई." "डॉक्टर!" मग घोगरा आवाज, "हजर बाई." "पोस्टमन!" "रिक्षा!" प्रत्येक नावाला वेगळा आवाज हजेरी द्यायचा. चाळीसएक नावं. मला वाटलं, शेजारी कुणी नाटक बसवतंय. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की हजेरी देणारे ते सगळे आवाज एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस म्हणजे मला 'करता की राहता' विचारणारे काका.

पंधरवड्याने त्यांनी माझं दार वाजवलं. तोंडाला दुहेरी रुमाल, चार हात लांब उभे. "आपल्याकडे करडी लोकर असण्याची काहीही शक्यता नाही," ते म्हणाले, "तरी विचारून जातो. दुकानं बंद आहेत. पाणघोडा कमरेपर्यंत आलाय आणि बेबी त्याच्यासाठी जेवायची थांबली आहे." लोकर नव्हती. पण आईने मला बारावीत असताना विणून दिलेला एक करडा स्वेटर होता, काखेत फाटलेला. मी तो दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हाताचा आहे," ते म्हणाले. "उसवायला लागेल. चालेल?" चालेल म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून पाणघोडा दाखवला. बेबी पलंगावर मांडी घालून बसली होती. कापलेले आखूड केस, गोल चेहरा, फुलाफुलांचा गाऊन, मांडीवर तो करडा पाणघोडा. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग पाणघोड्याकडे, आणि म्हणाली, "नवी." पाणघोड्याचं नाव नवी पडलं, आणि माझंही. पुढे तीन वर्षं मी तिच्यासाठी नवीच राहिले.

बेबीला जन्मापासून डाउन सिंड्रोम होता. काकांहून ती अठरा वर्षांनी लहान. गल्लीत कुणी तिला वेडी म्हणे, कुणी देवाचं लेकरू म्हणे. काकांना दोन्ही खपत नसे. "तिचं नाव बेबी आहे," ते सांगत. तिला बोलता यायचं ते तुटक, पण हजेरी मात्र ती एकही नाव न चुकता घ्यायची. लहानपणी दोन वर्षं ती शाळेत गेली होती, तेवढं एक तिच्यात रुजलं होतं. काकांनी शाळेतून रद्दीत निघालेलं एक हजेरीपुस्तक आणून तिला दिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती ते मांडीवर उघडून एकेका ओळीवर बोट ठेवायची. नावं तीच ठेवायची, आणि सगळी ओळखीच्या माणसांची. आमच्याच इमारतीतल्या, जिना हळू चढणाऱ्या सोमणकाकू म्हणजे कासव. उंच मानेचे डॉक्टर म्हणजे जिराफ. सोमणकाकूंना हे कळल्यावर त्या दोन महिने बोलत नव्हत्या. "कासवाची तक्रार नाही," काका म्हणाले.

हे प्राणी विणायला सुरुवात त्यांच्या आईने केली होती. बेबी चार वर्षांची असताना कुणीतरी दिलेल्या बाजारच्या अस्वलाचा प्लॅस्टिकचा डोळा तिने तोडून गिळला. तो घशात अडकला, ओठ निळे पडले, शेजाऱ्यांनी उलटं धरून पाठीत बुक्के मारले तेव्हा तो बाहेर आला. त्यानंतर घरात विकतचं खेळणं आलं नाही. आई स्वतः विणायची आणि डोळे काळ्या दोऱ्याने भरायची, म्हणजे तोडता येणार नाहीत. आई वारली तेव्हा काका एकेचाळीस वर्षांचे होते. सुईवर एक कुत्रा अर्धवट राहिला होता. बेबी तो अर्धा कुत्रा घेऊन बसली आणि तिने जेवण सोडलं. आई कुठे गेली हे तिला कळत नव्हतं. कुत्रा पुरा झाला नाही एवढंच कळत होतं. तिसऱ्या दिवशी काका तो कुत्रा घेऊन सोमणकाकूंकडे गेले आणि म्हणाले, "मला याचे मागचे पाय शिकवा." त्यांनी एका बैठकीत शिकवले. ते पाय पुढच्या पायांपेक्षा बोटभर लांब झाले. कुत्रा कायम पुढे झुकल्यासारखा दिसायचा. बेबीने तो घेतला आणि जेवली.

मीही काकांकडूनच शिकले. "मोजता येतं ना? मग येईल," एवढीच त्यांची पात्रता-परीक्षा. आधी साखळी, मग मुका खांब, म्हणजे क्रोशातला सगळ्यांत बुटका टाका. सहा घरं, मग बारा, मग अठरा, असं गोल वाढवत न्यायचं. वीण घट्ट हवी. "भोकातून कापूस दिसला की जनावर आजारी वाटतं," ते म्हणायचे. कापूस भरताना कंजूषपणा केला की मान लटकते. माझा पहिला ससा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बटाटा म्हणून उत्तम आहे." मी त्यांना मोबाइलवर दाखवलं, की याला जपानी भाषेत अमिगुरुमी म्हणतात, हल्ली पुण्यातल्या कितीतरी मुली करतात. त्यांनी चष्मा वर करून ते फोटो पाहिले. "असेल," म्हणाले. "आमच्याकडे याला कुत्रा म्हणतात."

त्यांचं एक वाक्य मी अजून विणताना मनात म्हणते. गोल वाढवत नेणं मला लवकर जमलं, पण घरं कमी करत तोंड मिटवताना माझी वीण वाकडी व्हायची. ते म्हणाले, "वाढवणं कुणालाही येतं गं. कमी करताना कळतं, कुणाला विणता येतं ते." तोवर 'आपण'चं 'तू' झालं होतं.

लग्नाचं मी एकदाच विचारलं. त्यांनी राग मानला नाही. "ठरलं होतं," ते म्हणाले. "मुलगी चांगली होती. तिने विचारलं, आईनंतर बेबीचं काय? मी म्हटलं, माझ्याकडे. ती म्हणाली, मग माझं काय?" काकांनी विणलेली घरं मोजली. "तिचं काही चुकलं नाही. प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं." आणि त्यांनी विषय बदलला.

त्या घराला एकच काळजी होती, आणि ती आम्हां सगळ्यांना दिसत होती, पण तोंडाने कुणी उच्चारत नसे. काकांनंतर बेबीला कोण? एक मामेभावाचा मुलगा होता पिंपरीला, दिवाळीला येऊन जायचा. सोमणकाकूंनी एकदा एका आश्रमाचं नाव काढलं. काका चप्पल घालून त्यांच्यासोबत पाहायलाही गेले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "स्वच्छ आहे. लोक प्रेमळ आहेत. पण तिथे संध्याकाळी सातला प्रार्थना असते." मला कळेना. "सातला तिची हजेरी असते," ते म्हणाले.

बेबी पन्नाशी ओलांडून वर्ष झालं असेल, तेव्हा पहिल्यांदा ती हजेरीत अडखळली. मी त्या वेळी तिथेच बसले होते. जिराफाची पाळी आली आणि ती थांबली. काकांनी हळूच घोगरा आवाज काढला, "हजर बाई." तिने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. नाव तिला आठवलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही हसण्यावारी नेलं. महिन्याभरात हजेरीतून सोमणकाकू गेली, पोस्टमन गेला, रिक्षा गेली. मी माझ्यापरीने उपाय केला, प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात त्याच्या माणसाचा फोटो बांधू या म्हटलं. काका म्हणाले, "तिला माणसंही आठवत नाहीयेत, प्रणिता."

डॉक्टरांनी सांगितलं की डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना विस्मरणाचा आजार पुष्कळदा लवकर गाठतो. आता हे वाढत जाणार. काकांनी एकच प्रश्न विचारला, "तिला कळतंय का, की तिला आठवत नाही?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." रिक्षात परत येताना काका विणत नव्हते. त्यांचे हात मोकळे मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढचं लिहायला मला जड जातं. बेबी प्राण्यांना घाबरू लागली. ज्यांच्यात ती आयुष्यभर निजली, त्यांच्याकडे पाहून ती किंचाळायची, भिंतीला चिकटून बसायची. "कोण? कोण? बघतात," एवढंच म्हणायची. काकांनी ते सगळे चादरीत बांधून माळ्यावर टाकले. तर पलंग रिकामा दिसल्यावर ती आणखीच रडायला लागली, हाताने गादी चाचपायला लागली. खाली आणले की भीती, वर ठेवले की रडणं. असं आठ-दहा दिवस चाललं. काकांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

एका रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. "तुझी बारीक कात्री घेऊन ये," म्हणाले. बेबीला सोमणकाकूंनी आपल्या घरी नेऊन बसवलं होतं. पलंगावर सगळे प्राणी ओळीने मांडलेले. "ती म्हणते, बघतात," काका म्हणाले. "मी विचार केला, तिचं बरोबर आहे. एवढे सगळे जण एकदम बघत असले तर कुणीही घाबरेल." आणि त्यांनी कासव उचलून त्याचे डोळे उसवायला घेतले.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी त्या सगळ्या प्राण्यांचे डोळे काढले. काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे चादरीवर पडत होते. काका फक्त त्या पुढे झुकलेल्या कुत्र्यापाशी थांबले. त्याचे डोळे त्यांच्या आईने आधीच भरून ठेवले होते. "हे तू काढ," म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. मी काढले. माझ्या पाणघोड्याचेही मीच काढले. मला वाटलं होतं तितकं ते अवघड नव्हतं, आणि म्हणूनच मला स्वतःची लाज वाटली.

बेबी परत आली. दारात उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं. मग पलंगावर चढली, एक प्राणी उचलून गालाला लावला आणि आडवी झाली. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी घरी निघून आले.

त्यानंतर बेबी वर्षभर होती. बोलणं संपलं, चालणं संपलं, गिळणं अवघड झालं. काका तिला चमच्याने पेज भरवायचे, एकेका घासाला पाच-पाच मिनिटं. मी म्हटलं, दिवसाची बाई ठेवू या. त्यांनी ठेवली, पण भरवायचं काम सोडलं नाही. ते रोज सकाळी अंघोळ करून कसब्याच्या गणपतीला जायचे, तेवढी वीस मिनिटं बेबीपाशी बाई एकटी असायची. एरवी ते घराबाहेर पडेनात. डिसेंबरात बेबीला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात चार दिवस काढून ती पाचव्या दिवशी सकाळी गेली. काकांनी तिचा हात हातात धरला होता. नर्सने अर्ज भरायला घेतला आणि नाव विचारलं. "शुभदा," काका म्हणाले. मी वळून पाहिलं. तीन-साडेतीन वर्षांत ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

तिच्याबरोबर एक प्राणी ठेवावा असं सोमणकाकूंच्या मनात होतं. काका नको म्हणाले. "तिच्या आता कुणी ओळखीचं नाही त्यांच्यात," म्हणाले. "उगाच अनोळखी कशाला सोबत द्या."

मला वाटायचं, आता ते पुन्हा विणतील. पिशवीत गुंडा होता, सुई होती. मी मुद्दाम माझं अर्धवट काम घेऊन जाऊन बसायचे, चुका करायचे. ते चूक दाखवायचे, पण सुई हातात घ्यायचे नाहीत. एकदा धीर करून म्हटलं, "काका, सगळ्यांचे डोळे परत भरू या का? आपण दोघं बसू." ते म्हणाले, "आता कुणाकडे बघायचंय त्यांना?" संध्याकाळी सात वाजता भिंतीपलीकडे टीव्ही लागायचा, मोठ्या आवाजात, बातम्यांचा. काकांना बातम्यांचा तिटकारा होता.

फेब्रुवारीत ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तीन मजले चढणं संपलं. पिंपरीच्या पुतण्याने धावपळ करून मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात त्यांची सोय केली. जाताना त्यांनी मला बोलावलं आणि माळ्यावरचं प्राण्यांचं गाठोडं काढायला सांगितलं. "डोळे भर आणि कुणाला द्यायचे त्याला दे," म्हणाले. "कुणाला दिलेस ते मला सांगू नकोस." मी म्हटलं, "एक तरी ठेवा ना." त्यांनी मान हलवली. "मला काय करायचंय? मी कधी खेळलोच नाही त्यांच्याशी. मी फक्त आवाज काढायचो."

मी दर दुसऱ्या रविवारी मांजरीला जायचे. ते व्हरांड्यात खुर्चीत बसलेले असायचे. तिथल्या एक-दोन आज्यांना कळलं होतं की हे गृहस्थ विणतात. त्या लोकर घेऊन यायच्या. "विसरलो," ते सांगायचे. जीभ मात्र शाबूत होती. तिथला चहा पिऊन म्हणायचे, "पाणी गरम केलंय, त्याबद्दल आभारी आहे." माझ्या चेहऱ्यावरून माझं काहीतरी बिनसलं आहे हे ओळखून एकदा म्हणाले, "काय रडून राहिली?" आमच्याकडचा हेल अगदी बरोबर काढून. मी हसले आणि मग खरंच रडले.

जूनमधल्या एका रविवारी, मी निघायच्या बेतात असताना त्यांनी मला परत बसवलं. समोर ऊस उभा होता, आभाळ गच्च होतं. ते म्हणाले, "तुला एक सांगतो. कुणाला सांगितलेलं नाही."

"सांगा ना."

"मी रोज गणपतीला जायचो. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, केवढी भक्ती. आई गेल्यापासून, तीस वर्षं, मी तिथे उभा राहून एकच गोष्ट मागितली. बेबी माझ्याआधी जाऊ दे. रोज. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोनदा म्हणायचो. सख्ख्या बहिणीचं मरण."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"गणपतीची चूक नाही," ते म्हणाले. "मी अर्ज केला, त्याने मंजूर केला. शाळेत इतकी वर्षं अर्ज लिहिले, पण यात एक वाक्य घालायचं राहिलं. तिच्या पाठोपाठ मलाही, असं लिहायला हवं होतं." आणि मग, "ती विसरायला लागली तेव्हा मला वाटायचं, माझ्या मागण्यानेच सुरू झालंय. मी त्या दिवसापासून मागणं थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. जास्तच मागितलं."

मी त्यांचा हात धरला. मला म्हणायचं होतं, की ते मरण मागणं नव्हतं, काका. तुम्ही तिच्यासाठी शेवटपर्यंत कुणीतरी असावं एवढंच मागत होतात. हे वाक्य मला परतीच्या बसमध्ये सुचलं, हडपसर यायच्या सुमारास. तिथे मी फक्त म्हटलं, "काका, असं बोलू नका." आयुष्यात इतक्यांना चोख उत्तरं देणाऱ्या माणसाने एकदा मन मोकळं केलं, आणि मी त्याला हे सांगितलं. ते हसल्यासारखं करून म्हणाले, "बरं. नाही बोलत. जा, बस चुकेल."

पुढच्या रविवारची माझी पाळी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. म्हटलं, आठवड्याने जाऊ. जुलैत एका दुपारी पुतण्याचा फोन आला. काका सकाळी चहा घेऊन खुर्चीतच गेले होते.

ते गाठोडं आता एका विशेष मुलांच्या शाळेत आहे. सगळ्यांचे डोळे भरायला मला तीन महिने लागले. त्या निमित्ताने शाळेच्या बाईंशी ओळख झाली आणि मी दर शनिवारी तिथे क्रोशे शिकवायला जाऊ लागले. मुलांना शिकवते, आणि मुलं सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसणाऱ्या त्यांच्या आयांनाही. त्यांतली एक बाई लोणी काळभोरकडून येते. नवरा नाही. तिची मुलगी सतरा वर्षांची आहे, स्वतःच्या हाताने जेवत नाही. ही बाई फार भराभर शिकली. वीण इतकी घट्ट, की काकांनीसुद्धा नाव ठेवलं नसतं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी बाकावर आम्ही दोघीच होतो. ती हत्तीची सोंड विणत होती. विणता विणता खाली मान घालूनच म्हणाली, "ताई, एक इचारू? वाईट वाटून घ्याचं न्हाई. मी देवाला रोज एक मागती. आईनं मागू नये असं हाय ते." आणि तिने सोंडेचं पुढचं घर विणलं.

मी म्हटलं, "तिने तुमच्याआधी जावं, असं मागता?"

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

मी तिला लोकरकाकांची सगळी हकिगत सांगितली. बेबीची, कुत्र्याच्या पायांची, रोजच्या गणपतीची. आणि बसमध्ये सुचलेलं ते वाक्यही सांगितलं, शब्द न शब्द. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"मग?" तिने विचारलं. "गेली ती आधी?"

"हो."

"आन् ते?"

मी खरं तेच सांगितलं. "सात महिने. तिच्यानंतर सात महिने."

तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला. आत घंटा झाली, मुलं बाहेर येऊ लागली. तिने सोंड पिशवीत टाकली आणि उठली.

"लई झालं," ती म्हणाली. "मला येक दीस दिला तरी चालंल."

आणि मुलीचा हात धरायला ती फाटकाकडे गेली.